हुतात्मा भाई कोतवाल आणि धान्याची कोठी

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, ही प्रथा चांगली आहे. संत सेना महाराजांची भक्ती, १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जिवा महाला यांनी दाखविलेले प्रसंगावधान आणि १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवा काशीद यांनी जाणूनबुजून पत्करलेले मरण, ह्या कथा आपल्या घरोघरी मुलांना ठाऊक असतात. त्याच मालिकेत अलीकडच्या काळातील एक नाव आपण अभिमानाने घेतो, ते म्हणजे हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचे. कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांतील ज्ञातिबांधवांना तर ते घरचेच वाटतात. माथेरानच्या डोंगरावर ते जन्मले, त्या डोंगराखालच्या गावांतून व वाड्यांतून त्यांनी काम केले आणि सह्याद्रीच्या त्याच रांगांत त्यांनी देह ठेवला.

परंतु भाईंचे स्मरण करताना आपण बहुधा त्यांच्या आयुष्यातील अखेरचे पाच महिनेच आठवतो. विजेचे कोसळणारे मनोरे, रानातील मुक्काम, सिद्धगडावरचा पहाटेचा गोळीबार, एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते चित्र खरे आहे आणि वंदनीयही आहे. तथापि त्याच्या आधी भाईंनी ह्या मुलखात जे शांतपणे उभारले, त्याकडे आपले लक्ष जात नाही. त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या काढल्या. आज ज्याला आपण आर्थिक शिस्त म्हणतो, तिचा पहिला धडा कर्जतच्या शेतकऱ्याला आपल्याच ज्ञातीतील एका तरुण वकिलाने दिला होता. आमच्या मते बंदुकीच्या धड्याइतकाच तो धडाही मोलाचा आहे. आणि आजच्या काळात तर तोच आपल्या अधिक उपयोगाचा आहे. म्हणून ह्या लेखात आम्ही भाईंचे चरित्र त्या कोठीच्या दाराशी उभे राहून सांगणार आहोत.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान हे गाव मुळात इतर गावांसारखे नव्हे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेस हा डोंगर पडला, हळूहळू तेथे मुंबईच्या धनिकांचे बंगले उठले आणि १९०७ साली नेरळहून लहान रुळांची आगगाडी वर जाऊ लागली. तेथे शेती नाही आणि कारखानाही नाही. जे काही मिळते ते हवा खावयास येणाऱ्या पाहुण्यांकडून मिळते. आणि हे पाहुणे दिवाळीच्या सुमारास व चैत्र-वैशाखात येतात. एकदा पावसाची झड लागली की डोंगर धुक्यात बुडतो, गाडी बंद होते आणि कमाईही बंद पडते. घोडेवाले, हातरिक्षा ओढणारे, ओझी वाहणारे, न्हावी, धोबी, सर्वांचीच स्थिती सारखी. चार महिने कमवावे, चार महिने उधारीवर काढावे आणि पुढच्या हंगामाची कमाई मागल्या उधारीत घालावी, अशा ह्या रहाटात भाईंचे बालपण गेले.

अशा घरातील मुलाने लवकरात लवकर वस्तरा हाती घ्यावा व चार पैसे घरात आणावेत, हेच त्या काळी स्वाभाविक होते. परंतु भाईंना प्राथमिक शिक्षणानंतर पुण्यास आत्याकडे शिकावयास पाठविण्यात आले. तेथे त्यांनी शाळेत नाव मिळविले, पुढे वाडिया महाविद्यालयात ते शिकले आणि शेवटी मुंबईस कायद्याचा अभ्यास करून १९४१ साली त्यांनी एल्एल्. बी. ची पदवी मिळविली. हे आज वाचताना सोपे वाटते. ज्या घरात पावसाळा कसा जाईल ह्याची विवंचना असे, त्या घराने एका कमावत्या हाताला इतकी वर्षे कमाईपासून दूर ठेवले, ह्याचा अर्थ आपण नीट ध्यानी घ्यावा. त्या वर्षांतील मुलाची मजुरी त्या कुटुंबाने खाल्ली नाही, ती पेरली. खर्च तोच, पण एक खर्च संध्याकाळी संपतो आणि दुसरा वर्षांनंतर उगवून येतो. आपल्या ज्ञातीतील अनेक घरांनी पुढे हाच मार्ग धरला व ती वर आली.

शिक्षण घेत असतानाही भाईंची दृष्टी आपल्या गावाकडेच होती. ते माथेरानच्या नगरपालिकेवर निवडून आले आणि तेथे उपाध्यक्षही झाले. वकिलीची सनद हाती असलेला, बोलण्यात हुशार असा तरुण मुंबईत किंवा ठाण्यास सहज स्थिरावला असता. परंतु ते डोंगर उतरले ते नेरळ-कर्जतकडच्या गावांत कुळांचे व आदिवासींचे काम करण्यासाठी.

त्या वेळचा कर्जत तालुका डोळ्यांपुढे आणल्यावाचून पुढील हकीकत नीट समजणार नाही. कुलाबा जिल्ह्याचा (१९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात) हा समुद्रापासून दूरचा, सह्याद्रीला टेकलेला भाग. कर्जतकडून उल्हास नदी वाहते, खालापूरकडून पाताळगंगा. पीक मुख्यत्वे भाताचे, वरकस जमिनीत नाचणी व वरी. मे महिन्यात पालापाचोळा व कवळ जाळून राब भाजायचा, मृगात रोपे टाकायची, आषाढात चिखलात लावणी करायची, आणि मग दिवाळीच्या आसपास भात कापून खळ्यावर आणायचे, असे ह्या शेतीचे वर्ष. ह्या वर्षातील सर्वांत कष्टाचा काळ म्हणजे आषाढ-श्रावण, आणि घरातील दाणे संपण्याचा काळही तोच. अंगमेहनत सर्वाधिक आणि पोटात सर्वांत कमी. ह्या दिवसांत खाण्यासाठी जे धान्य उसने घ्यावे लागे, त्याला ह्या बाजूस खावटी म्हणतात. ही अडचण इतकी खोलवर रुजलेली होती की १९७८ साली महाराष्ट्र शासनाने आदिवासींसाठी जी कर्जयोजना काढली, तिला हेच नाव द्यावे लागले.

खावटी मिळे ती जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून, आणि पुष्कळदा हे दोघे एकच असत. फेड करायची ती सवाईने किंवा दिढीने, म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण, आणि तीही अवघ्या चार महिन्यांनी सुगीत. हा हिशेब आम्ही येथे मुद्दाम मांडून दाखवितो. एखाद्या कुळाने दिढीने एक मण भात घेतले आणि सुगीत ते फेडता आले नाही, तर पुढच्या वर्षी त्याच्या नावावर सव्वादोन मण लागतात. त्याच्या पुढच्या वर्षी तीन मण पंधरा शेर, आणि चौथ्या वर्षी पाच मणांच्या वर. खाल्ले ते एक मण आणि तेही एका पावसाळ्यात. फेडायचे ते पाच मण, आणि ते फेडण्यासाठी जमीन, बैल किंवा मुलाची चाकरी गहाण. त्यातून जो खंड द्यावयाचा तो निराळाच. अशा स्थितीत शेतकरी पेरणीसाठी ठेवलेले बी खाई. आपल्या आजा-पणज्यांना ह्या शब्दाचे भय ठाऊक होते. पेंढ्याच्या मुडीत बांधून राखलेले बी ज्या दिवशी चुलीवर गेले, त्या दिवशी ते घर पुढील वर्षासाठी दुसऱ्याच्या दारी बांधले गेले, असे समजावे.

आपल्या ज्ञातीला हा प्रश्न परका नव्हता. गावोगावचा नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची सेवा करावी आणि सुगीत खळ्यावर जाऊन बलुत्याचे धान्य आणावे, हीच त्याची कमाई. म्हणजे वर्षाची मजुरी एकदम पदरी पडे आणि ती बारा महिने पुरवावी लागे. ज्या घरातील गृहिणी जाणती असे, तेथे त्या धान्याच्या राशीचे त्याच दिवशी वाटे पडत. पोटाचा वाटा, सणावाराचा वाटा आणि हात न लावावयाचा वाटा. जेथे हे वाटे पडत नसत, तेथे माघात पुरणपोळी होई आणि श्रावणात चूल थंड राही. शेतकरी कुळाचे आणि बलुतेदाराचे दुःख असे एकाच खळ्यावर जन्मलेले होते. भाईंना शेतकऱ्याची अडचण इतक्या लवकर उमगली, ह्याचे आम्हांस म्हणूनच नवल वाटत नाही.

त्यातच दुसरे महायुद्ध आले. कोकणातील भातखाऊ लोकांना ब्रह्मदेशच्या तांदळाचा आधार असे. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले व तो आधार तुटला. भाव चढले, माल दडविला जाऊ लागला. ज्याच्या कोठारात भात होते त्याला सोन्याचे दिवस आले आणि ज्याला आषाढात एक पायली उसनी हवी होती त्याचे हाल कुत्रा खाईना. अशा त्या काळात भाईंनी धान्याच्या कोठ्यांचे काम हाती घेतले.

धान्याच्या कोठीची रीत तत्त्वतः अगदी साधी असते. सुगीत घरात दाणा असतो, त्या वेळी प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे भात आणून सामायिक कोठीत टाकायचे. पावसाळ्यात ज्याला खावटी किंवा बी लागेल, त्याने सावकाराच्या ओटीवर न जाता त्या कोठीतून न्यायचे. सुगीत ते परत करताना थोडेसे वर घालायचे. हे जे वरचे धान्य, तेच ह्या सर्व व्यवस्थेचे मर्म होय. सावकाराला दिलेली दिढी त्याच्या वाड्यात जाते आणि पुन्हा आपल्यालाच उसनी मिळते. कोठीत घातलेली वाढ गावातच राहते. हिशेबासाठी वीस घरांची एक वाडी धरू. प्रत्येक घराने एक मण घातले, तर वीस मण झाले. घेणाऱ्याने मणामागे चार शेर वर घालायचे ठरविले आणि सारे धान्य दरसाल फिरत राहिले, तर सात वर्षांत कोठीत एकोणचाळीस मणांच्या जवळपास धान्य जमते. कोणाच्या घरी धाड पडली नाही, कोणी उपाशी राहिले नाही, आणि तरीही वाडीची पुंजी जवळजवळ दुप्पट झाली. तेच भात, तीच माणसे, तोच पाऊस. बदलली ती फक्त दाणा ठेवण्याची जागा आणि ठेवण्याची वेळ.

येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. काटकसरीवर प्रवचने देणारे पुष्कळ असतात. गरिबाने कमी खावे, कमी नेसावे, देवाधर्माला कमी खर्च करावा, म्हणजे तो श्रीमंत होईल, असे त्यांचे सांगणे असते. कोठीचा मार्ग ह्याहून अगदी वेगळा आहे. भुकेल्याला ती कमी खा असे सांगत नाही. उलट आषाढात त्याच्या पोटाची सोय करते. खाणे हा दोष नव्हता. खाण्याची सोय परक्याच्या हाती असणे, हा दोष होता. आणि त्यावरचा उपाय उपासात नव्हता. भरल्या घरात, सुगीच्या दिवशी, दाणा डोळ्यांपुढे असताना त्यातून वाटा बाजूला काढण्यात होता. मनुष्याची कसोटी श्रावणात लागत नाही, ती कार्तिकात लागते. हाती नसताना न खर्चणे ह्याला संयम म्हणत नाहीत. हाती असताना पेरण्यापुरते राखणे, ह्याला संयम म्हणतात.

दुसरी गोष्ट अशी की, हे काम एकट्याने होत नाही. एकट्या कुळाने दोन मण भात राखले तर ते जमीनदाराच्या बाकीत जाईल, पाहुण्यारावळ्यांत जाईल किंवा घरातील आजारपणात जाईल. वीस घरांनी एकत्र राखले तर त्यास भिंत लाभते. ही गोष्ट केवळ आपल्याच देशात कळली असे नाही. जर्मनीत १८४६-४७ च्या टंचाईत रायफायझेन नावाच्या एका गावप्रमुखाने असेच धान्य जमवून गोरगरिबांना उधार भाकरी मिळण्याची सोय केली, आणि त्यातूनच पुढे खेडुतांच्या परस्पर कर्जाच्या पतपेढ्या जन्मल्या. त्या पतपेढ्यांचा नमुना पुढे ठेवून आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. परंतु कायदा दिल्ली-कलकत्त्यास झाला म्हणून तो डोंगराआडच्या वाडीपर्यंत पोहोचतोच असे नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५१-५२ साली, रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास निघाला आणि सावकारांचा शेकडा सत्तरच्या घरात. मग त्याच्या दहा वर्षे आधी कर्जतच्या रानात काय स्थिती असेल, हे सांगावयास नको. कागदावरील सहकार जेथे गेला नव्हता, तेथे भाईंनी प्रत्यक्षातला सहकार नेला.

कोठीबरोबर भाईंनी आणखी दोन कामे केली व ती कोठीचीच दोन अंगे होत. पहिले म्हणजे, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी गावोगाव स्वयंसेवी शाळा सुरू केल्या. ज्याला आकडा वाचता येत नाही, त्याचे कर्ज कधी फिटत नाही. कारण फिटले हे त्याला कळतच नाही. सावकाराच्या वहीवर अंगठा उठविणाऱ्याच्या मुलाला बेरीज-वजाबाकी येऊ लागली, की त्या वहीचा निम्मा जोर ओसरतो. दुसरे म्हणजे, आपल्या कायद्याच्या ज्ञानाचा उपयोग त्यांनी जमीनदार-सावकारांनी नाडलेल्या शेतकऱ्यांसाठी केला. मुंबई प्रांतात १९३९ साली शेतकऱ्यांच्या ऋणनिवारणाचा व कुळांच्या संरक्षणाचा, असे दोन्ही कायदे झाले होते. परंतु कायदा असून त्याचा लाभ घेता येण्यासाठी कोणीतरी तो समजावून सांगणारा लागतो. धान्य राखणारी कोठी, हिशेब राखणारी शाळा आणि हक्क राखणारा वकील, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मनुष्य खाऊन संपविण्याच्या सवयीतून उभारणीच्या सवयीत येतो. त्यांतील एक जरी निखळली, तरी उरलेल्या दोन लंगड्या पडतात.

१९४२ चा ऑगस्ट महिना उजाडला. मुंबईच्या गवालिया तलावावर चलेजावचा ठराव झाला, ९ ऑगस्टच्या पहाटे पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि देश पेटला. भाई भूमिगत झाले. ह्या मुलखातील तरुण शेतकरी व कार्यकर्ते त्यांच्याभोवती जमले आणि आझाद दस्ता उभा राहिला. खोपोलीस १९१५ पासून आणि भिवपुरीस १९२२ पासून सह्याद्रीच्या पाण्यावर वीज निर्माण होत होती. ती ह्याच शेतकऱ्यांच्या डोक्यावरून तारांनी मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना जाई. सरकारच्या युद्धयंत्रणेची ती नाडी होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर ह्या तीन महिन्यांत दस्त्याने तारा वाहून नेणारे अनेक मनोरे कापून पाडले आणि मुंबईचे कारखाने व रेल्वे वारंवार अडखळल्या. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले, पोलिसांची ठाणी वाढविली, खेड्यापाड्यांत धाकदपटशा सुरू झाला.

ह्या काळात दस्ता रानात तग धरून राहिला, तो कशाच्या बळावर? शस्त्रे फार नव्हती, पैसा नव्हता. बळ होते ते विश्वासाचे. ज्या माणसाच्या सांगण्यावरून लोकांनी आपल्या कणगीतले भात सामायिक कोठीत घातले होते, त्या माणसावर ते जीवही सोपवू शकत होते. पेढी पैशावर चालते असे आपण समजतो. वस्तुतः ती विश्वासावर चालते, पैसा मागाहून येतो. भाईंनी आयुष्यभर साठविलेली खरी पुंजी हीच होती.

शेवटी दस्त्याचा मुक्काम मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात असताना पोलिसांना सुगावा लागला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे त्यांनी छापा घातला. त्या गोळीबारात मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल हे दोघेही धारातीर्थी पडले. भाईंना तिसावे वर्ष संपून जेमतेम एक महिना झाला होता. तेव्हापासून आजतागायत त्या दिवशी लोक सिद्धगडावर जमतात आणि हुतात्म्यांना मानवंदना देतात.

पुढे दिवस पालटले. १९४६ साली सावकारीवर निर्बंध घालणारा कायदा झाला, १९४८ साली कूळकायदा झाला, खोती गेली, कुळे मालक झाली. ज्या जमिनीसाठी आजोबांनी दिढी भरली, ती नातवाच्या नावावर आली. भाईंचे स्वप्न कागदोपत्री तरी पुष्कळ अंशी पुरे झाले. परंतु आता आम्हांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याच्या हाती दाणा नव्हता त्याला भाईंनी दाणा राखावयास शिकविले. ज्याच्या हाती दाणा आला आहे, त्याला कोण शिकविणार?

कर्जत-खालापूरची आजची स्थिती आपण सर्वजण पाहतो. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, मुंबई जवळ आली आणि जमिनीला भाव आला. शेतघरे उठली, बंगल्यांच्या वसाहती उठल्या. ज्या घरात एका वेळी पाच हजार रुपये कधी पाहिले नव्हते, तेथे लाखांच्या रकमा आल्या. काही घरांनी त्या पैशाने मुलांना शिकविले, दुसरीकडे जमीन घेतली, दुकान टाकले. ती घरे आज सुस्थितीत आहेत. परंतु काही घरांत प्रथम मोटार आली, मग मंडप, वाजंत्री आणि हजार पानांचे लग्न झाले, मग बंगल्याचा मजला चढला. आणि दहा वर्षांनी त्याच घरचा मुलगा आपल्या पूर्वीच्या शेतावर उठलेल्या बंगल्याचा पहारेकरी झाला. ह्याला आम्ही बी खाणे म्हणतो. जमीन हे शेतकऱ्याचे शेवटचे बी होते. ते खाताना सावकाराने कोणावर जबरदस्ती केली नव्हती, हा काय तो फरक.

आपल्या व्यवसायाची गोष्टही निराळी नाही. २०२० च्या मार्चअखेर महामारीमुळे केशकर्तनालये बंद झाली, ती राज्यात २८ जूनपर्यंत उघडली नाहीत. आणि पुढल्या वर्षी पुन्हा टाळे लागले. रोज कमवावे व रोज खावे, अशा ह्या धंद्यात तो काळ म्हणजे वाढवून ठेवलेला आषाढच होता. ज्या बांधवांपाशी चार-सहा महिन्यांची शिल्लक होती, त्यांनी भाडे भरून दुकान राखले. ज्यांच्या डोक्यावर दुचाकीचे, मोबाइलचे आणि लग्नाच्या कर्जाचे हप्ते होते, त्यांच्यापैकी कित्येकांना खुर्च्या विकाव्या लागल्या. खुर्ची हे आपले बी आहे. ती विकून घेतलेला दाणा महिनाभर पुरतो, आणि पुढे दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहावे लागते. कष्टात ते बांधव कमी नव्हते, कसबातही नव्हते. त्यांच्या मागे कोठी नव्हती.

येथे आम्ही कोणास दोष देण्यासाठी लिहीत नाही. आजारपणासाठी काढलेले कर्ज हे उधळपट्टीचे कर्ज नव्हे. मुलीच्या लग्नात चार पाहुणे जेवले म्हणून घर बुडत नाही. परंतु जो खर्च पुढे काहीच उगवून देणार नाही, तो उसन्या पैशाने करू नये; आणि जो खर्च उगवून येणार आहे, त्यासाठी कष्टाने घेतलेल्या कर्जाची लाज बाळगू नये, इतका विवेक आपण आपल्या घरांत आणलाच पाहिजे. नवी खुर्ची, चांगली यंत्रे, मुलाचे हुन्नराचे शिक्षण, मुलीची पदवी, हे पेरणीचे खर्च होत. त्यांचा वाटा महिनाअखेर उरेल त्यातून काढू म्हटले तर तो कधीच निघत नाही, कारण महिनाअखेर काही उरतच नसते. पैसा हाती पडेल त्याच दिवशी, खळ्यावरच, तो वाटा निघाला पाहिजे. आपल्या आज्यांनी बलुत्याची रास घरात येताच तेच केले होते.

आणि हे काम पुन्हा एकेकट्याने होणारे नव्हे. आपल्याकडे भिश्या आहेत, महिलांचे बचत गट आहेत. परंतु भिशीचा नंबर लागला की तो पैसा बहुधा सणासुदीला जातो. गावोगावच्या ज्ञातिमंडळांनी आपल्या भिशीतील एक हिस्सा तरी केवळ व्यवसायाच्या साधनांसाठी व शिक्षणासाठी राखून ठेवावा. घेणाऱ्याने तो अल्प वाढीने परत करावा आणि ती वाढ त्याच निधीत राहावी. हिशेबाची वही दर वर्षी सर्वांसमोर वाचून दाखवावी. वीस घरांच्या वाडीला जे साधते, ते शंभर दुकानांच्या तालुक्याला का साधू नये? त्या निधीला भाईंचे नाव द्यावे की न द्यावे, हा गौण प्रश्न आहे. नाव दिले आणि निधी रिता राहिला, तर ते त्यांचे स्मारक होणार नाही.

भाईंच्या नावे चौक आहेत, स्तंभ आहेत. त्यांच्या जीवनावर २०२० साली चित्रपटही निघाला. हे सर्व योग्यच झाले. तथापि भाई ज्या दिवसांत बंदूक न घेता कोठीच्या दाराशी उभे होते, त्या दिवसांचे अनुकरण प्रत्येक घराला शक्य आहे. सिद्धगडावर मरण पत्करण्याचे भाग्य थोड्यांचे असते. सुगीच्या दिवशी बियाण्याचा वाटा बाजूला काढण्याचे कर्तव्य सर्वांचे आहे. यंदाच्या २ जानेवारीस पुष्पहार घेऊन गडावर जाणाऱ्या प्रत्येक ज्ञातिबांधवाने व भगिनीने, निघण्यापूर्वी आपल्या घरातील तो वाटा काढून ठेवावा, एवढीच आमची त्यांच्या चरणी नम्र विनंती आहे.